परत आलेली ताटं

मावशीला कुणी विचारलं, की तुम्ही इथं काय काम करता, तर ती हातातला काथ्या खाली न ठेवता सांगते, "भांडी घासते." खोटं नाही ते, पण अर्धंच खरं आहे. स्वयंपाकही तीच करते, हे सांगायचं ती विसरते. आणि गेली अठ्ठावीस वर्षं त्या खिंडीखालच्या निवाऱ्यात आलेल्या प्रत्येक माणसाच्या जिवाची काळजी ती त्याच्या उष्ट्या ताटावरून करत आली आहे, हे तर ती काही केल्या सांगणार नाही. ते आपणच सांगायला हवं.

निवारा म्हणजे दगडी भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं एक लांबट घर. एका टोकाला स्वयंपाकघर नि त्यामागे मावशीची खोली, मधे जेवणाची खोली, तिच्यात दोन लांब बाकं आणि एक लोखंडी शेगडी, पलीकडे वीस जणांची झोपायची खोली. उंची सव्वाचार हजार मीटर. वर खिंड, आणि खिंडीपलीकडे नुसता बर्फ नि दगड. तीन तास उतरलं की मधला मुक्काम लागतो, तिथपर्यंत गाडी येते. गाडीने आणखी दोन तास खाली बाजारपेठेचं गाव, तिथे दवाखाना आणि ज्या संस्थेचा हा निवारा आहे तिचं कार्यालय. येणारे सगळे हौशी लोक. कुणी पन्नाशी झाली म्हणून येतं, कुणी मित्राशी पैज लावली म्हणून, कुणी घरात कंटाळा आला म्हणून. पाठीवर बिऱ्हाड घेऊन धापा टाकत दारात उभे राहतात आणि विचारतात, "अजून किती वर आहे?" वर आहेच, बाबा, पण आधी बूट काढ.

वर हवा विरळ. तिथे शरीराला नव्याने संसार मांडावा लागतो. पहिल्या दिवशी छाती भात्यासारखी चालते, काळीज धडधडतं, डोकं ठणकतं, झोपेत श्वास मधेच थांबतो आणि माणूस दचकून उठून बसतो. लघवीला तर दर तासाला पळावं लागतं. नवखा घाबरतो. मावशी म्हणते, "होऊ दे की. अंगातलं पाणी टाकतंय, म्हणजे शरीर कामाला लागलंय." मग हळूहळू, दिवसामागून दिवस, रक्त बदलायला लागतं, श्वासाला नवी लय सापडते, उंची अंगवळणी पडते. फक्त शरीराला कुणी घाई केलेली खपत नाही. आणि घाई केली, की सगळ्यात आधी रुसते ती भूक.

म्हणून ताट. तोंडाने माणूस म्हणतो, "मी एकदम ठणठणीत!" आणि ताटात भात नुसता पसरून ठेवलेला असतो, जेवल्यासारखा दिसावा म्हणून. काही जण अंडं पावाखाली लपवतात. काही जण सूप तेवढं पितात आणि बटाटे शेजाऱ्याच्या ताटात ढकलतात. ज्याचं ताट अर्धं परत येतं त्याला मावशी एक दिवस थांबवते. ज्याचं सगळं परत येतं त्याच्याजवळ जाऊन बसते, ओठ बघते, नखं बघते, दोन प्रश्न विचारते, आणि मग नवऱ्याला हाक मारते.

हे ती कुणाकडून शिकली नाही. पहिल्याच वर्षी एक गाणं शिकवणारे मास्तर आले होते. उंचेपुरे, बोलके, सगळ्यांना हसवणारे. त्यांचं ताट जसंच्या तसं परत आलं. मावशीने ते पाहिलं, भात डब्यात काढला, ताट घासलं आणि गप्प बसली. भांडी घासणाऱ्या बाईला कोण विचारतं? दुसऱ्या दिवशी खिंडीच्या वाटेवर मास्तर एका दगडावर विसावा घ्यायला बसले ते उठलेच नाहीत. त्या ताटाला एक पोचा होता. ते ताट अजून आहे, मावशी ते कुणाला वाढायला घेत नाही. त्या दिवसापासून ती परत कधी गप्प बसली नाही.

आता तिचे यजमान. निवाऱ्याचे रखवालदार. त्यांना सगळे सावकाशबुवा म्हणतात, कारण दारात माणूस आला की त्यांचा पहिला शब्द "सावकाश". निघाला की शेवटचा शब्दही "सावकाश". मधे कुणी फुशारक्या मारायला लागला की ते म्हणायचे, "डोंगर कुठं पळून जात नाही. पुढच्या वर्षीही इथंच आहे. तुम्ही असाल ना, तेवढं बघा." मधल्या मुक्कामाला दोन रात्री काढल्याशिवाय वर यायचं नाही, हा नियम त्यांनीच घालून दिलेला. आणि ज्याची तब्येत बिघडली त्याला खाली पाठवलंच. मग तो कितीही मोठा असो, कितीही आरडाओरडा करो. "उतरायला मुहूर्त लागत नाही," म्हणायचे, आणि खेचरावर बसवायचे. त्यासाठी एक जाड वही होती. अनुक्रमांक, तारीख, कोण, कारण. अठ्ठावीस वर्षांत चारशे अकरा माणसं खाली पाठवली. वही दर हंगामाला संस्थेच्या सचिवांकडे जायची, आणि ज्याची नोंद वहीत झाली त्याला त्या हंगामात वर जागा नाही, हाही नियम बुवांचाच. त्यांच्या हट्टापुढे सचिवही हात टेकायचे.

हिवाळ्यात निवारा बंद. दोघं बाजारपेठेच्या गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. पण गेल्या हिवाळ्यात बुवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, आणि लेक त्यांना आपल्याकडे, समुद्राकाठच्या शहरात घेऊन गेली. आधी एक डोळा, मग दुसरा, मग "आता आलाच आहात तर राहा." चार महिने गेले. मावशी नाही गेली. खेचरं होती, कुत्रा होता, आणि खरं सांगायचं तर लेकीच्या घरातली ती खोलीही होती, जिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. रोज फोनवर बोलायची. बुवा सांगायचे, "इथं जिना चढतो तर धापच लागत नाही गं. पंचविशीतला झालोय!" मावशी म्हणायची, "खाली सगळेच पंचविशीतले असतात."

हंगाम जवळ आला. मावशी नव्या मदतनीसाबरोबर, थांबत थांबत, नियमाने वर गेली. हा मदतनीस तिशी ओलांडलेला, कामसू, कमी बोलणारा. संस्थेने त्याला बुवांच्या हाताखाली पाठवलं होतं, आणि कशासाठी पाठवलं होतं हे सगळ्यांना कळत होतं. त्यातच सचिवांचा फोन समुद्राकाठी गेला. "बुवा, आता वय झालं. पहिली तुकडी सोमवारी वर पोचतेय. तुम्ही तोवर आलात तर उत्तम. नाही जमलं तर आम्ही पाठवलेला मदतनीस मुलगा आहेच. आणि एक सांगतो, वर तुमचीच तब्येत बिघडली, तर मात्र मला दुसरा इलाज राहणार नाही."

झालं. सावकाशबुवांच्या अंगात वारं शिरलं. रात्रभर बस, सकाळी गाडी, आणि मधल्या मुक्कामाला एक घोट चहासुद्धा न घेता ते तडक वर चढले. सोमवारी दुपारी तुकडीच्या आधी दारात हजर! मावशीने दाराशी पाहिलं आणि तिचा आनंद पोटात मावेना. चार महिन्यांनी माणूस दिसला होता. दोन रात्रींचा हिशेब तिच्या डोक्यात आला, नाही असं नाही. तिने विचारलंही, "मधल्या मुक्कामाला कधी पोचला होतात?"

"ते नियम पाहुण्यांना," बुवा म्हणाले. "मी काय पाहुणा आहे?"

तिला ते पटलं. इथेच चुकलं तिचं. ज्या बाईने एवढ्या लोकांच्या बढाया ऐकून घेतल्या नाहीत, तिने नवऱ्याची ऐकून घेतली.

संध्याकाळी तिने ताट वाढलं. बुवा म्हणाले, "आत धूर आहे, मी मागच्या पायरीवर बसून जेवतो." ताट परत आलं, लख्ख. मंगळवारी दोन्ही वेळा तसंच. मावशी खूश. नव्या डोळ्यांनी माणूस दहा वर्षांनी लहान झाला म्हणायचा! जरा कमी बोलत होते. लाकडं फोडताना दोन घाव घालून टेकत होते. खोकत होते, पण घशात धूर गेला म्हणाले. मंगळवारी रात्रभर उशी भिंतीला टेकवून बसूनच झोपले. विचारलं तर म्हणाले, बसने पाठ अवघडली आहे. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं. चारशे अकरा माणसांच्या सबबी ऐकलेला माणूस तो. त्याला सबबींचा काय तुटवडा?

बुधवारी दुपारची जेवणं झाली. अकरा पाहुण्यांची ताटं आली, बुवांचंही आलं, तसंच लख्ख. मावशीने उरलेले पावाचे तुकडे नि बटाटे पत्र्याच्या वाडग्यात घातले आणि कुत्र्याला हाक मारली.

ह्या कुत्र्याचं नाव हावऱ्या. काळा, एक कान तुटका, आणि ते नाव त्याने स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलेलं. त्याने साबणाची वडी खाल्लेली आहे. एका पाहुण्याचे दोन्ही मोजे खाल्लेले आहेत. एकदा खिंडीचा नकाशा खाल्ला होता, आणि ती तुकडी तीन दिवस बुवांना वाट विचारत होती. वाडग्याचा आवाज झाला की हा वादळासारखा येतो. त्या दिवशी आला नाही.

मावशीने पुन्हा हाक मारली. मग बाहेर जाऊन पाहिलं. हावऱ्या उन्हात चारी पाय वर करून पडला होता. तिने पाव त्याच्या नाकापुढे धरला. त्याने एक डोळा उघडला, पावाकडे पाहिलं, आणि मिटला. पोट नगाऱ्यासारखं.

मावशी तिथेच उभी राहिली. मग आत आली, मोरीतल्या ढिगातून बुवांचं ताट वेगळं काढलं आणि खिडकीशी उजेडात धरलं. माणूस पावाने ताट पुसतो तेव्हा मधलं पुसतो आणि काठाला थोडं राहतं. पावाचे ओरखडे दिसतात. ह्या ताटाचा काठ चाटलेला होता. गोल, सगळीकडून, एक दाणा न ठेवता. असा काठ माणूस पुसत नाही. सोमवारपासून तीन दिवस तिने तीच ताटं घासली होती आणि तिला दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं, कारण तिला बघायचं नव्हतं.

बुवा मागच्या पायरीवर बसले होते, भिंतीला पाठ लावून.

"अहो, जेवलात?"

"जेवलो की. ताट... पाहिलंस ना?"

"पाहिलं. फार स्वच्छ होतं. अठ्ठावीस वर्षांत तुम्ही ताटाचा काठ कधी पुसलात हो?"

बुवा हसायला गेले, आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेना. मावशीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, मग न राहवून कान ठेवला. आत बारीक आवाज येत होता, किटलीतलं पाणी तापायला लागलं की येतो तसा. ओठ जांभळट. नखंही. हे ओठ तिने किती जणांचे पाहिले होते! आणि दोन रात्री एकाच अंथरुणात काढून तिला दिसले नव्हते.

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून... डोकं फुटतंय. अन्न... बघवत नाही." एका वाक्याला दोनदा थांबले. "तू ताट बघणार... ठाऊक होतं. म्हणून हावऱ्याला..."

"लाज नाही वाटली?" मावशी ओरडली. "लोकांना अक्कल शिकवायची आणि घरात हे? मला फसवलंत? मला?"

"दोन दिवस थांब. बसेल सगळं. माझं रक्त... इथलं आहे."

"होतं इथलं! चार महिने समुद्राकाठी बसून ते तिथलं झालंय."

बुवांनी पायरीचा काठ घट्ट धरला. मग हळूच म्हणाले, "खाली गेलो... तर परत येणं नाही. ही जागा गेली. कळतंय ना तुला?"

मावशीला कळत होतं. न कळायला काय झालं? तिने मान वळवून दारातून आत पाहिलं. खुंटीवर बुवांची टोपी होती. खुंटीखाली भिंतीचा रंग अठ्ठावीस वर्षांच्या टेकण्याने उडाला होता. शेगडीशेजारच्या भिंतीवर लेकीने लहानपणी ओढलेल्या खडूच्या रेघा होत्या, तिची उंची मोजलेल्या. आणि डोळ्यांपुढे ती खोली आली, जिच्या खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. त्या खोलीत दोघांनी बसायचं, लेक कामावरून येईपर्यंत. मग तिला ते पोचा आलेलं ताट आठवलं.

ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हाला पाठवलं तर ही जागा जाईल. नाही पाठवलं तर तुम्ही जाल. जागेचं काय, माणूस कुठंही पडून राहतं. तुम्ही मला दुसरे कुठून मिळायचे हो?"

एवढं ती उभ्या संसारात कधी बोलली नव्हती. बुवांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"लोक हसतील," ते म्हणाले. "सावकाशबुवा... घाईत मेला म्हणतील."

"मेला नाही, उतरला म्हणतील. उतरायला मुहूर्त लागत नाही, हे कोण म्हणत होतं?"

ती आत गेली आणि वही घेऊन आली. आजवर त्या वहीत फक्त बुवांचं अक्षर होतं. मावशीने गुडघ्यावर वही धरून, जीभ दातांत धरून, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: अनुक्रमांक चारशे बारा. तारीख. कोण, तर रखवालदार. कारण, जेवण कुत्र्याला घातलं.

बुवांनी मान तिरकी करून वाचलं. "कारण... नीट लिही."

"हेच नीट आहे," मावशी म्हणाली आणि वही मिटली.

मदतनीसाने खेचर आणलं. बुवा चालत उतरतो म्हणाले. मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट बसले. आपली शाल तिने त्यांच्या छातीभोवती गुंडाळली, टोपी घातली. पाहुणे बाहेर येऊन उभे राहिले होते. त्यांतल्या एका बाईंना बुवांनी काल पायऱ्या चढताना टोकलं होतं. त्या अगदी मनापासून म्हणाल्या, "सावकाश जा हं, काका." बुवांनी डोळे मिटून घेतले.

मदतनीस त्यांना घेऊन निघाला, मावशीला बरोबर जाता आलं नाही. निवारा कधी माणसाशिवाय ठेवायचा नाही, हाही त्या माणसाचाच नियम! त्याच्या नियमांना आग लागो. अकरा जणांचं संध्याकाळचं तिच्या गळ्यात होतं. तिने बटाटे सोलले, भात टाकला, ताटं वाढली, ताटं बघितली. अकराही ताटं बरी परत आली. मग ती पाण्याच्या टाकीशेजारच्या दगडावर जाऊन उभी राहिली, कारण फोन फक्त तिथेच लागतो. ऊन खिंडीवरून सरकून वर गेलं, मग शिखरावरूनही गेलं. हावऱ्या पायाशी येऊन बसला. त्याला तिने लाथ मारावी असं तिच्या मनात आलं, पण त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? त्याला वाढलं, तो जेवला.

फोन वाजला. मदतनीस होता. "मावशी, दवाखान्यात पोचलो. मधल्या मुक्कामालाच ओठांचा रंग सुधारला होता. आता ऑक्सिजन लावलाय. बोलतायत. डॉक्टरीणबाई म्हणतात, आणखी एक रात्र वर काढली असती तर..."

"पुढचं नको सांगूस," मावशी म्हणाली, आणि दगडावर बसून पदरात तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोनवर समजावून सांगितलं. फुप्फुसात पाणी भरलं होतं. वर राहणारा माणूस बरेच दिवस खाली राहून एकदम वर आला, की त्याला हे होऊ शकतं. जन्म डोंगरावर गेलेल्यालाही. "तुमच्या यजमानांना सगळं आठवत होतं हो," त्या म्हणाल्या, "पण त्यांचं शरीर विसरलं होतं. त्याला पहिल्यापासून शिकवायला हवं होतं." मावशीला हे इतकं पटलं, की पुढे आठ दिवस ती प्रत्येक पाहुण्याला हेच ऐकवत होती.

लेकीचा फोन आला. "आई, आता पुरे. दोघंही इकडे या." मावशी नुसतं हं हं म्हणाली.

आणि मग सचिवांचा. वही मागवून घेतली होती त्यांनी. "मावशी, हे कारण तुम्ही लिहिलंत?"

"हो. खरं तेच लिहिलं."

"मला वाटलं होतं, तुम्ही झाकाल."

"झाकायला ते भांडं आहे का?" मावशी म्हणाली. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की ती असंच बोलते.

सचिव खोकले. नियम नियमच, म्हणाले. वहीत नोंद झाली, रखवालदारी ह्यापुढे त्या मदतनीस मुलाकडे. किल्ल्याही त्याच्याकडे. पण निवाऱ्यातली मागची खोली मावशीची आहे, आणि मावशीने नवऱ्याला खोलीत ठेवावं की नाही हा तिच्या घरचा प्रश्न. फक्त डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आणि वर येताना सगळे मुक्काम करत, पायी, पाहुण्यांसारखं यायचं. बुवांना हे फोनवर कळलं. किल्ल्यांचं त्यांना लागलं. मावशीलाही लागलं. त्या किल्ल्या अठ्ठावीस वर्षं त्यांच्या कमरेला वाजायच्या, आणि माणूस कुठे आहे हे तिला न बघता कळायचं.

तीन आठवडे गेले. मावशी रांधत होती, वाढत होती, घासत होती. स्वतः जेवायला बसायची आणि फोनची वेळ झाली म्हणून उठायची.

एका दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला खालच्या चढावर ठिपके दिसले. सात पाहुणे येणार होते. ठिपके आठ होते. आठवा सगळ्यांत मागे, वीस पावलं टाकायचा आणि थांबायचा, वीस पावलं टाकायचा आणि थांबायचा. मधल्या मुक्कामाला दोन नाही, चार रात्री काढून आला होता तो. हावऱ्या भुंकत खाली धावला आणि आठव्या ठिपक्याभोवती गोल गोल फिरायला लागला. मावशीने हात पुसले, पुन्हा पुसले, आणि बाहेर मात्र गेली नाही. चुलीवरचं सूप उगाच ढवळत राहिली.

बुवा आत आले. टोपी खुंटीला लावली. मदतनीसाने किल्ल्या पुढे केल्या तर त्यांनी त्या त्याच्याच हातात दाबल्या आणि म्हणाले, "वरच्या कोठाराची कडी अडकते. उचलून फिरव." मग पाहुण्यांबरोबर बाकावर बसले, आतच, सगळ्यांदेखत. मावशीने ताट वाढलं आणि मागे उभी राहिली. सूप, भात, दोन बटाटे, अंडं, पाव. बुवा सावकाश जेवले. शेवटी पावाने ताट पुसलं, मधलं, आणि काठाला थोडं राहिलं. मावशीच्या छातीवरचा धोंडा त्या काठावरच्या चार शितांनी उतरला.

तिने ताट उचलायला हात पुढे केला. बुवांनी तिचं मनगट धरलं. बांगडी सरकत पार कोपराकडे गेली.

"तू जेवलीस?"

"जेवते नंतर."

शेगडीत लाकूड सारणारा मदतनीस मान वर न करता म्हणाला, "मावशी तीन आठवडे नंतरच जेवतायत."

"तरीच," बुवा म्हणाले. "चढावर हावऱ्या सामोरा आला. म्हटलं, ह्याचं पोट एवढं कसं सुटलं? मी तर इथं नव्हतो."

मावशीने तोंड फिरवलं. "तो मागायला येतो, मग देते मी. भूक नव्हती मला."

"एवढ्या लोकांची ताटं बघितलीस," बुवा म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा कापला, पण धापेने नाही. "तुझं ताट आजवर कुणी बघितलं गं?"

कुणीच नव्हतं बघितलं. त्यांनीही नव्हतं. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, कुठल्या डब्यात काय हे माहीत नसल्यासारखी खडखड केली, आणि ताट वाढून आणलं. भात जास्त झाला होता, सूप सांडलं होतं. तिला बाकावर बसवलं, समोर स्वतः बसले, आणि दोन नव्या डोळ्यांनी ताटाकडे बघत राहिले. पाहुणे हळूच उठून बाहेर गेले. मावशी पहिला घास घेताना रडत होती, दुसरा घेताना चिडली, "असे टक लावून बघू नका हो, घास अडकतो!" आणि तिसऱ्या घासाला तिच्या लक्षात आलं, की आपल्याला भूक लागली आहे. केवढी भूक! तीन आठवड्यांची. तिने भात संपवला, बटाटे संपवले, पावाने ताट पुसलं, आणि मग बोटाने काठही पुसला.

बुवांनी दोन्ही ताटं उचलली आणि मोरीकडे निघाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भांड्यांना त्यांचा हात पहिल्यांदाच लागत होता. काथ्या कुठे असतो हेसुद्धा त्यांना विचारावं लागलं. हावऱ्या शेपूट हलवत मागोमाग गेला, एका ताटाला नाक लावलं, दुसऱ्याला लावलं, आणि मावशीकडे बघत उभा राहिला. त्याच्यासाठी काही म्हणजे काही उरलं नव्हतं.